वळचणीची फळी

नवरात्र संपत आले की कोकणातल्या वाड्यावाड्यांत शिड्या बाहेर निघतात. चार महिने भिजलेल्या भिंतींवरचे शेवाळ खरवडायचे, अंगण चोपायचे आणि दिवाळीच्या आत घराला रंग काढायचा. रंगारी शिडीवर चढतो, कौलांच्या कडेखालच्या फळीवरून पत्री फिरवू लागतो आणि पत्री लोण्यात शिरावी तशी आत जाते. वर तेलरंगाची साल शाबूत, आत ओला भुगा. गेल्या वर्षीही याच फळीला दोन हात रंग दिलेला असतो. त्या सालीआड ती निवांत कुजत राहिलेली असते.

या फळीकडे घराच्या मालकाचे सहसा लक्ष नसते. वाशांची उघडी टोके झाकायला ठोकलेली सहा-आठ इंच रुंदीची पट्टी, एवढीच तिची ओळख. वास्तुविशारद तिला फेशिया म्हणतात. तिचेच भाऊबंद घरभर पसरलेले असतात: खिडकीची बाहेरची चौकट, तिच्या तळाची पट्टी, छज्ज्याची कड, गच्चीच्या कठड्यावरचे कोपिंग, वळचणीखालचे अस्तर, कोपऱ्यावरच्या पट्ट्या. घर यांच्यावर उभे नसते. म्हणूनच अंदाजपत्रकात यांची पाळी शेवटी येते आणि तोपर्यंत हात आखडलेला असतो. पावसाची गाठ मात्र सर्वांत आधी यांच्याशीच पडते.

हा पाऊस साधासुधा नाही. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडते, घाटमाथ्यावरच्या आंबोलीत सात हजारांच्या आसपास. आणि त्यातले बहुतेक सगळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नैर्ऋत्येचा वारा त्याला आडवा करतो. त्यामुळे घराची पश्चिम आणि दक्षिण बाजू जितकी झोडपली जाते, तितकी उत्तर बाजू नाही. पाऊस संपला की त्याच कडांवर ऑक्टोबरचे ऊन पडते. भिजणे, फुगणे, तापणे, आकसणे हे चक्र दरवर्षी चालते. बाहेरच्या पट्टीसाठी वस्तू निवडायची म्हणजे या चक्रात कोण कसे वागते हे आधी पाहायचे.

जुन्या घरांनी या प्रश्नाला पहिले उत्तर आकाराने दिले होते. भिंत आत आणि छप्पर दोन-तीन हात बाहेर. पागोळ्या भिंतीपासून दूर, पावळीत पडत. पडवीच्या उघड्या बाजूला पावसाळ्यापुरते झावळ्यांचे झाप बांधले जात आणि दसऱ्याच्या सुमारास ते सोडले जात. झाप एका पावसात सडला तरी कोणाला हळहळ नव्हती. पुढच्या वर्षी माड नवी झावळी देणारच होता. सडणारी वस्तू वापरायचीच, पण जी सहज बदलता येईल अशा जागी, हा यातला हिशेब होता.

छपराची कड सरळ रेषेत आली ती यंत्रावरच्या कौलांनी. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूरजवळ जेप्पू इथे कौलांचा कारखाना सुरू केला. एकसारख्या मापाची, एकमेकांत अडकणारी ही कौले गलबतांतून किनाऱ्याने वर सरकत गोवा, मालवण, रत्नागिरी, मुंबईपर्यंत पोहोचली. हाताने थापलेल्या नळीच्या कौलांची कड वेडीवाकडी असे. मंगलोरी कौलांची शेवटची ओळ दोरी लावल्यासारखी. अशा सरळ कडेला सरळ फळी शोभते. आणि फळी आली की तिच्यावर सुताराचा हातही चालणार. गिरगावच्या खोताच्या वाडीतल्या जुन्या बंगल्यांवर आणि गोव्यातल्या घरांवर या फळीची झालर झालेली दिसते: कंगोरे, त्रिकोणी दाते, पाकळ्या. दात्यांना नक्षीपलीकडचा एक उपयोग आहे. फळीवरून ओघळणारे पाणी दात्याच्या टोकाशी गोळा होते आणि थेंबाथेंबाने सुटते. सरळ कापलेल्या खालच्या कडेला ते चिकटून राहते.

लाकूड कुजण्याचे गणित सोपे आहे. लाकडात ओलाव्याचे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली राहिले तर कुजवणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. म्हणजे लाकूड भिजले तरी चालते, पण वाळायला सवड मिळाली पाहिजे. सवड मिळत नाही ती दोन फळ्यांच्या सांध्यात, भिंतीला घट्ट चिकटलेल्या पाठीत आणि विशेषतः कापलेल्या टोकाशी. झाड उभे असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढत होते, त्या नळ्यांची तोंडे कापलेल्या टोकाला उघडी पडतात. फळीच्या अंगापेक्षा टोक कितीतरी पटींनी पाणी पिते. रंगारी मात्र दिसणाऱ्या अंगावर दोन हात देतो आणि टोक तसेच सोडतो, कारण ते टोक फळी ठोकल्यावर दिसतच नाही. रंग ठोकण्याआधी, चारही बाजूंना आणि दोन्ही टोकांना द्यायचा असतो. एवढी एक गोष्ट पाळली तर साध्या लाकडाची फळीही कित्येक पावसाळे जास्त टिकते.

साधे लाकूड म्हणजे कोणते, याचे उत्तर कोकणातल्या सुताराकडे तयार असते. फणस, आईन, किंजळ, बिबळा, नाणा, शिवण, जांभूळ ही त्याच्या रोजच्या ओळखीची नावे. फणसाचे पिवळे लाकूड वाळवीला सहसा रुचत नाही. पाण्यात तग धरणारे जांभळाचे लाकूड विहिरीच्या कामाला जायचे. आंब्याची फळी स्वस्त आणि रुंद मिळते, पण तिची जागा खोक्यात. वळचणीला लावली तर तिला वाळवी आणि बुरशी दोघेही लवकर शोधून काढतात. महाराष्ट्रात वृक्षतोड नियमनाचा १९६४ चा कायदा आहे आणि त्याच्या यादीत साग, आईन, किंजळ, फणस, आंबा, जांभूळ ही झाडे येतात. स्वतःच्या परड्यातला फणस कापायचा तरी आधी परवानगी लागते, हे घर बांधायला निघालेल्याने लक्षात ठेवायला हवे.

सागाचे नाव या सर्वांच्या वर. शनिवारवाडा बांधताना जुन्नरच्या रानातला साग, चिंचवडच्या खाणीतला दगड आणि जेजुरीचा चुना आणला, अशी नोंद पुण्याच्या इतिहासात वारंवार येते. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये पुरा केलेल्या विश्रामबागवाड्याची रस्त्याकडची कोरीव लाकडी दर्शनी बाजू आजही उभी आहे. तिथल्या सुरूच्या घाटाच्या खांबांसमोर थांबले की बाहेरच्या हवेत लाकूड किती काळ काढू शकते याचा अंदाज येतो. अर्थात वर पुढे आलेले छप्पर आहे आणि मधूनमधून दुरुस्तीचा हात फिरला आहे, म्हणून. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग आजही नावाजलेला. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी लाकूड गेले ते याच पट्ट्यातून, बल्लारपूरहून.

सागाचे रहस्य त्याच्या गाभ्यात आहे. गाभ्यात मुरलेले तेलकट द्रव्य वाळवीला आणि बुरशीला दूर ठेवते. शिवाय साग ओला-सुका होताना इतर लाकडांच्या मानाने कमी हलतो. मात्र हे सारे गुण गाभ्याचे. सालीलगतचा फिकट थर सागाचा असला तरी टिकायला आंब्याहून फार वेगळा नाही. लवकर तोडलेल्या कोवळ्या झाडात गाभा कमी आणि हा फिकट थर जास्त निघतो. वखारीत पावतीवर साग लिहिलेला असतो, फळी सागाचीच असते, आणि तरीही पाच पावसाळ्यांत तिची एक कड भुसभुशीत होते. वखारीत गेल्यावर लाकडाच्या नावाइतकाच त्याचा रंग पाहावा: फळीच्या एका कडेला फिकट पट्टा असेल तर ती खोलीतल्या कपाटाला घ्यावी, वळचणीला नव्हे.

लाकडाला टिकवण्याचे घरगुती उपायही होते. काजूच्या टरफलाचे काळे, चरचरीत तेल होड्यांना आणि वाशांना लावले जायचे. ते कातडीला भाजते, म्हणूनच किडीलाही नकोसे होते. उघड्या लाकडाला बेलतेलाचा हात देणे हा रंगाहून जुना रिवाज. तेल आत मुरते, साल धरत नाही. त्यामुळे ते दर एक-दोन वर्षांनी पुन्हा लावावे लागते, पण आतला ओलावा कोंडतही नाही.

लाकूड टिकवण्याच्या शास्त्रात भारताचा एक मोठा शोध आहे आणि तो इथे फारसा कोणाला आठवत नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे असे मिश्रण शोधले, की दाबाखाली लाकडात भरल्यावर ते आतच पक्के बसते, पावसाने धुऊन जात नाही. त्याचे नाव अॅस्क्यू. आर्सेनिक आणि तांब्याच्या रासायनिक चिन्हांवरून ते पडले. पुढे जगभर, विशेषतः अमेरिकेत, घराबाहेरचे लाकूड याच मिश्रणाने हिरवट होऊन विकले गेले. आर्सेनिकच्या धास्तीने तिथल्या उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते थांबवले. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात त्यापूर्वीचे घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांच्या अंगणात हे लाकूड अजून उभे असण्याची शक्यता आहे. ते मोडून शेकोटीत घालू नये. त्याच्या धुरात आणि राखेत आर्सेनिक असते.

लाकडाला कंटाळून माणसे लोखंडाकडे वळली, तो काळही फार जुना आहे. मुंबईच्या काळाघोड्यापाशी वॉटसन हॉटेलची इमारत १८६७ ते १८६९ या काळात उभी राहिली. तिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजाने आणला आणि इथे जोडला. रोलँड मेसन ऑर्डिश यांचे ते काम. आज एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या इमारतीचा देखभालीअभावी खिळखिळा झालेला सज्ज्याचा भाग २००५ मध्ये कोसळला. मोडलेली लाकडी पट्टी गल्लीतला सुतार बदलू शकतो. दीडशे वर्षांपूर्वीचा ओतीव भाग बदलायचा तर आधी तो ओतणारा शोधावा लागतो.

घराघरांत लोखंड आले ते पत्र्याच्या रूपाने. वळचणीची फळी झाकणारी पत्र्याची पट्टी, पन्हळ, खिडकीवरची पत्र्याची झाप. पत्रा म्हणजे पोलाद आणि त्याच्यावर जस्ताचा मुलामा. जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचवते. त्यामुळे पत्र्याच्या जाडीइतकेच महत्त्व मुलाम्याच्या वजनाला. दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त असलेला पत्रा आणि १२० ग्रॅमचा पत्रा दुकानात शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. पहिल्यात प्रत्येक बाजूला साधारण वीस मायक्रॉनचा थर असतो, दुसऱ्यात त्याच्या निम्म्याहून कमी. खाऱ्या वाऱ्यात हा फरक थेट वर्षांमध्ये मोजला जातो. जस्तात ५५ टक्के अॅल्युमिनियम मिसळलेला मुलामा किनाऱ्यावर आणखी टिकतो, पण त्याला ओल्या सिमेंटचे वावडे आहे. गवंड्याने पत्र्याची कड गिलाव्यात दाबून टाकली की नेमकी तिथेच ती आधी खाल्ली जाते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा रायगडातल्या हजारो घरांची कौले आणि पत्रे उडाले. वारा छपराला वर उचलतो आणि त्याचा सर्वाधिक जोर कडांवर आणि कोपऱ्यांवर असतो. कडेची पट्टी सैल असली की वाऱ्याला आत बोट घालायला जागा मिळते, आणि मग मागचे सगळे उलगडत जाते. शोभेची समजली जाणारी फळी अशा वेळी छपराची कडी ठरते.

शहरात ही जागा काँक्रीटने घेतली. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या कडेच्या १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती पाहाव्यात. खिडक्यांवरून भुवईसारखा वळत जाणारा छज्जा हे त्यांचे लक्षण. ती भुवई ऊन अडवते, पाऊस बाहेर फेकते आणि इमारतीला चेहराही देते. २०१८ मध्ये युनेस्कोने व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको अशा ९४ इमारतींच्या या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पण छज्ज्याच्या पातळ काँक्रीटमध्ये सळई कडेपासून जेमतेम आत असते. समुद्रावरचे क्षार तिथपर्यंत पोहोचले की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो आणि काँक्रीटचा पापुद्रा खाली पाडतो. पावसाळ्यात मुंबईत छज्जा पडल्याच्या बातम्या येतात त्यांची सुरुवात अनेकदा अशी, आतून होते.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय गवंड्याच्या थापीत आहे. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंच-दीड इंच आत, बोटभर रुंदीची खाच. वरून ओघळलेले पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे सरकू पाहते. खाचेशी आले की तुटते आणि खाली पडते. खिडकीच्या तळाला लावलेल्या ग्रॅनाइटच्या किंवा कडप्प्याच्या पट्टीलाही हीच खाच लागते, शिवाय बाहेरच्या बाजूला उतार आणि भिंतीपुढे दोनेक इंच आलेली कड. पुण्या-मुंबईतल्या नव्या सदनिकांत ग्रॅनाइटची चौकट सर्रास बसवतात. दगड उत्तम, पॉलिश चकचकीत. पण पट्टी भिंतीशी बरोबर कापलेली आणि उतार आतल्या बाजूला असेल तर पहिल्याच पावसात खिडकीखाली मिशा फुटाव्यात तसे काळे ओघळ दिसतात. दोष दगडाचा नसतो.

आता बाजारात प्लास्टिकची वेळ आहे. यूपीव्हीसीच्या चौकटी, लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून केलेल्या डब्ल्यूपीसीच्या फळ्या, अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे प्लास्टिकवर चिकटवून केलेली एसीपीची तावदाने. वाळवी यांना तोंड लावत नाही, रंगाचा खर्च वाचतो, हे खरे. मात्र यूपीव्हीसी उन्हाने किती लांबते हे दुकानदार सांगत नाही. सकाळ आणि भर दुपार यांत फळीच्या तापमानात तीस अंशांचा फरक पडला, तर तीन मीटर लांबीची यूपीव्हीसीची पट्टी पाच-सहा मिलिमीटरने वाढते. अॅल्युमिनियमची दोन मिलिमीटरने. लाकडाची लांबी अर्ध्या मिलिमीटरने वाढली तरी पुष्कळ. सुताराने सवयीप्रमाणे दोन पट्ट्या घट्ट भिडवून खिळे मारले की दुपारी त्या मधोमध फुगतात. गडद रंगाची पट्टी जास्त तापते, म्हणून तिच्यात बाक जास्त. या पट्ट्यांना सांध्यात फट आणि स्क्रूसाठी लांबट भोक लागते.

एसीपीबाबत सावधगिरीचे कारण वेगळे आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ च्या पहाटे लागलेल्या आगीत ७२ माणसे मेली. चोवीस मजली इमारतीच्या बाहेरच्या आवरणात पॉलिथिलीनचा गर असलेली अशी तावदाने होती, आणि आग इतक्या वेगाने चढण्याचे मुख्य कारण तीच होती, हे पुढच्या चौकशीत निष्पन्न झाले. आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांपासून बंगल्यांच्या वळचणीपर्यंत ही तावदाने लागतात. विकत घेताना रंग निवडण्याआधी आतला गर कोणता, हे विचारायला हवे. न जळणाऱ्या खनिजाचा गर असलेला प्रकारही मिळतो आणि तो महाग असतो.

सिमेंट आणि धागे दाबून केलेल्या फायबर सिमेंटच्या फळ्या या भांडणात मधली वाट काढतात. त्या कुजत नाहीत, जळत नाहीत, वाळवीला खाता येत नाहीत आणि उन्हात फार हलत नाहीत. पण त्यांची कापलेली कड लाकडाच्या टोकासारखीच पाणी पिते. जागेवर कापलेल्या प्रत्येक कडेला अस्तर लावावे लागते. त्या कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, म्हणून कारागिराच्या तोंडावर मास्क हवाच.

काही वस्तू निवडीतूनच बाद झाल्या. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी चपट्या शिंपल्यांच्या चकत्या लाकडी खाचांत बसवलेल्या असत. ऊन गाळून आत दुधाळ उजेड देणारे आणि समुद्राच्या हवेत जन्मलेले म्हणून त्या हवेला न घाबरणारे ते तावदान. तो शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. जुन्या खिडकीतली फुटलेली चकती बदलायची तर दुसऱ्या मोडक्या खिडकीतलीच शोधावी लागते.

एवढी सगळी निवड करून झाल्यावर घात होतो तो खिळ्याने. पन्नास वर्षे टिकेल असा सागाचा गाभा पाच वर्षांत गंजणाऱ्या खिळ्याने ठोकला जातो. खिळा गंजून फुगतो, फळीला चीर पाडतो, चिरेतून पाणी आत जाते. जुने सुतार लाकडी खुंट्या आणि पितळी स्क्रू वापरत त्यामागे हेच कारण होते. आज स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मिळतात, पण त्यातही ३०४ आणि ३१६ असे प्रकार आहेत. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर ३०४ वर चहाच्या रंगाचे डाग पडतात. मॉलिब्डेनम मिसळलेला ३१६ तिथे तग धरतो. अख्ख्या घराच्या वळचणीला लागणाऱ्या स्क्रूंच्या किमतीतला फरक एका फळीच्या किमतीइतकाही होत नाही.

तेव्हा कोणती वस्तू चांगली, हा प्रश्न सुटा विचारून भागत नाही. दोन हात पुढे आलेल्या छपराखाली आईनाची फळी खुशाल लावावी. छप्परच नसलेल्या पेटीसारख्या बंगल्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर सागही हरेल, तिथे फायबर सिमेंट किंवा दगड बरा. ज्या गावात अजून सुतार आहे तिथे लाकूड परवडते, कारण कुजलेला दीड हात कापून नवा तुकडा जोडता येतो. जिथे मालक मुंबईत आणि घर राजापुरात, कुलूप मे महिन्यातच उघडणार, तिथे दर दोन वर्षांनी तेल मागणारी वस्तू घेऊ नये. आणि काहीही घेतले तरी ते स्क्रूने असे बसवावे, की भिंत न फोडता एक पट्टी सुटी निघेल. वळचणीची फळी झिजणारच. मागचा वासा झिजू नये म्हणूनच ती तिथे असते.

यंदा रंगारी शिडी लावेल तेव्हा डबा उघडण्याआधी त्याच्या हातात एक जुना स्क्रूड्रायव्हर द्यावा. फळीची दोन्ही टोके, प्रत्येक सांधा आणि खिडकीच्या चौकटीचे खालचे कोपरे त्याने टोचून पाहावेत, पश्चिमेकडून सुरुवात करून. टोक पाव इंचाहून जास्त आत गेले तर त्या जागी रंग लावू नये. आधी सुताराला निरोप पाठवावा.